ओढ्याच्या तळाचं पंचांग

सह्याद्रीत पाऊस म्हणजे जिवांचा हंगाम, अशी आपली पक्की समजूत आहे, आणि काठावरून पाहणाऱ्याला ती खरीच वाटणार. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर कोकणातल्या वहाळांमधून वलगणीचे मासे चढू लागतात, बांधांवर खेकडे फिरताना दिसतात, रात्री बेडूक झोपू देत नाहीत. तेव्हा डोंगरी ओढ्याच्या तळाशी सर्वांत जास्त जीव कधी असतात असं कोणी विचारलं, तर ‘भर पावसात’ हे उत्तर सहज तोंडी येतं. प्रत्यक्षात आषाढ-श्रावणात हा तळ वर्षातला सर्वांत रिकामा असतो. तिथली वर्दळ सुरू होते ती पाऊस सरल्यावर, आश्विनात. मार्गशीर्ष ते माघ या काळात ती कळसाला पोचते आणि वैशाखाच्या सुमारास पुन्हा ओसरते. या प्रकरणात मला जो मुद्दा मांडायचा आहे तो असा: या वार्षिक चढउताराचा सूत्रधार वाहत्या पाण्याचा जोर आहे, थंडी-ऊन आणि पावसाचे मिलिमीटर यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. हे मान्य केलं तर ओढ्याची तब्येत तपासण्याच्या आपल्या काही रूढ पद्धती बदलाव्या लागतील, म्हणून पुरावा जरा बारकाईने पाहायला हवा.

तळाचे रहिवासी कोण, हे आधी पाहू. पौषात महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या परिसरातल्या एखाद्या बारमाही ओढ्याच्या खळाळात हात घालून दोन मुठींएवढा गोटा अलगद उचलला आणि पालथा केला, की पहिले काही सेकंद काहीच दिसत नाही. फक्त ओला काळा बेसाल्ट. मग दगडाचाच एक चपटा कपचा आडवा सरकतो. ते मेफ्लायचं पिल्लू असतं: पसरट डोकं, डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला, सहाही पाय बाजूंना फाकवलेले, पोटाच्या दोन्ही कडांना पातळ पानासारखे कल्ले आणि मागे दोन किंवा तीन लांब शेपट्या. दगडाच्या खाचेत वाळूचे बारीक कण एकमेकांना चिकटवून केलेली नळी दिसते. ते कॅडिसफ्लायच्या अळीचं घर, आणि कण जोडणारा रेशमी धागा अळीने स्वतःच काढलेला. याच गटातल्या हायड्रोप्सायकिडी कुळातल्या अळ्या घर घेऊन हिंडत नाहीत. दगडांच्या फटीत प्रवाहाकडे तोंड करून त्या रेशमाचं जाळं ताणतात आणि त्यात अडकेल ते खातात. दगडाच्या उघड्या अंगावर तांबूस रंगाची वाटोळी चकती घट्ट बसलेली असते. ती वॉटर पेनी, सेफेनिडी कुळातल्या भुंगेऱ्याची अळी. सोडवून उलटी केल्याशिवाय तिचे पायही दिसत नाहीत. पाणी जिथे सर्वांत वेगाने घसरतं तिथे ब्लॅकफ्लायच्या अळ्या रेशमाच्या टिकलीत मागच्या टोकाचे आकडे रोवून, डोक्यावरचे पंखे उघडून, पाण्यातले कण गाळत बसलेल्या असतात. याशिवाय निओपर्लासारख्या स्टोनफ्लायची शिकारी पिल्लं, चतुरांची आणि टाचण्यांची पिल्लं, कायरोनोमिड चिलटांच्या अळ्या, गोगलगायी, झिंगे, खेकडे. यांतल्या कीटकांचं बहुतेक आयुष्य पाण्यात जातं. पंख फुटल्यावरचे दिवस थोडे असतात, आणि मेफ्लायचे तर तासांत मोजावे इतके कमी.

या मंडळींच्या ऋतुचक्राबद्दल पाठ्यपुस्तकांत जे वाचायला मिळतं ते बहुतांशी समशीतोष्ण देशांतल्या ओढ्यांवरून आलेलं आहे. एच. बी. एन. हाइन्स यांनी उत्तर वेल्समधल्या हिर्नंट या डोंगरी ओढ्याचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध केला, आणि वाहत्या पाण्याच्या परिस्थितिकीवरचा त्यांचा १९७० सालचा ग्रंथ पुढे जगभर प्रमाण मानला गेला. त्या हवामानातलं चित्र साधारण असं असतं. शरदात झाडं पानं ढाळतात, ती ओढ्यात पडतात, बुरशी आणि जिवाणू त्यांना मऊ करतात, पिल्लं ती खात हिवाळाभर सावकाश वाढतात आणि वसंतात किंवा उन्हाळ्यात पंख फुटून बाहेर पडतात. कित्येक जातींची वर्षाला एकच पिढी होते. तापमान आणि दिवसाची लांबी हे दोघे मिळून वेळापत्रक ठरवतात. हे वर्णन तिथे बरोबर आहे, पण सह्याद्रीला लावायला गेलं की अडखळायला होतं. आपल्याकडची मोठी पानगळ माघ ते चैत्रात होते, म्हणजे ओढ्यात पाणी सर्वांत कमी असताना. आपल्या ओढ्यांचं पाणी गोठण्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे वाढ कधी थांबत नाही. बेटिडी कुळातल्या मेफ्लाय कोमट पाण्यात काही आठवड्यांत पिढी पुरी करतात आणि एकाच दगडावर एकाच दिवशी लहानमोठ्या सगळ्या वयाची पिल्लं सापडतात. आणि तिसरी, सर्वांत मोठी अडचण पावसाची. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर्षभराच्या तापमानाचा आलेख काढला तर तो टेकडीसारखा दिसेल. प्रवाहाचा काढला तर कड्यासारखा.

जोर म्हणजे नेमकं काय, हे एका जुन्या गणिताने स्पष्ट होतं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मात्र ते पाणी जास्तीत जास्त किती वजनाचा धोंडा ढकलू शकेल, हे वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट, तर धोंड्याचं वजन ६४ पट. प्रत्यक्ष ओढ्यात दगड एकमेकांत अडकलेले असतात, तळ खडबडीत असतो, त्यामुळे हा हिशेब काटेकोर लागू पडत नाही. तरी दिशा हीच. माघात ज्या खळाळात गोटा जागचा हलत नाही, त्याच खळाळात आषाढातल्या एका रात्री सगळा तळ गडगडत खाली जातो. डोंगरातल्या वाडीवर राहणाऱ्यांना हा पुराच्या पाण्यातला दगडांचा आवाज चांगला ओळखीचा आहे. तळाच्या किड्याच्या दृष्टीने तो आवाज म्हणजे घर फिरत असल्याची खूण.

इथे एक नाव घ्यायलाच हवं. सुंदरलाल होरा यांनी १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रपाती ओढ्यांतल्या प्राण्यांवर दीर्घ निबंध लिहिला आणि त्यांचे चिकटून राहण्याचे अवयव तपशीलवार उलगडून दाखवले. ब्लेफॅरिसेरिडी कुळातल्या माशीची अळी हे त्यातलं ठळक उदाहरण. तिच्या पोटाखाली एका ओळीत सहा चूषक असतात आणि त्यांच्या बळावर ती धबधब्याच्या कातळावर सरकत सरकत शेवाळ खरवडते. चपटं शरीर, चूषक, आकडे, रेशीम ही सगळी सामग्री पाहिली की वाटतं, पूर आला तर यांचं काय बिघडणार? या आक्षेपात तथ्य आहे, पण थोडंच. एक तर चपटेपणाचा अर्थ आपण समजतो तितका सरळ नाही. १९८० च्या दशकात बर्नहार्ड स्टाट्झनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरच्या मदतीने किड्यांच्या अंगावरून जाणारा प्रवाह मोजला, तेव्हा चपटा प्राणी दगडालगतच्या संथ थरात निवांत असतो ही जुनी कल्पना बरीच ढिली पडली. चपटेपणाचा निदान तितकाच उपयोग अरुंद फटीत शिरण्यासाठी होतो. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं असं की ही सगळी सामग्री दगडाला धरून राहण्याची आहे, आणि मोठ्या पुरात दगडच जागा सोडतो. चूषक कितीही पक्का असला तरी गडगडत्या गोट्यांच्या मध्ये सापडलेल्याला तो वाचवू शकत नाही. म्हणून भर पावसातही जिथे जीव टिकून राहतात त्या जागा ठरावीक असतात: न हलणारे मोठे धोंडे, सलग कातळ, काठाच्या झाडांची पाण्यात उतरलेली मुळं, आणि तळाच्या वाळू-गोट्यांखालचा, पाणी झिरपत राहणारा थर.

यावर अभ्यासकांचा एक नेहमीचा आक्षेप असतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पावसाळ्यात नमुना घेणंच कठीण असतं. सर्बर नावाची चौकट तळावर टेकवून, तिच्यातले दगड घासून, सुटलेले किडे मागच्या जाळीत पकडण्याची पद्धत १९३० च्या दशकापासून चालत आली आहे. गुडघाभर पाण्यापलीकडे ती चालत नाही. मग श्रावणात किडे कमी असतात की फक्त आपल्या जाळीत कमी येतात? शिवाय ते खालच्या थरात दडी मारून बसले असतील, तर त्यांना मेलेलं कसं म्हणायचं? याचं उत्तर पूर उतरल्यानंतरच्या आठवड्यांत मिळतं. किडे नुसते दडले असते तर पाणी उतरून तळ उघडा पडल्याबरोबर सगळे, लहान-मोठे, सगळ्या जातींचे, दोन-चार दिवसांत परत आले असते. तसं घडत नाही. परत येणं आठवड्यांवर जातं आणि ते क्रमाने होतं. आधी झटपट वाढणाऱ्या जाती, मग सावकाश वाढणाऱ्या. असा क्रम लागतो याचा अर्थ तिथली वस्ती खरोखर उठली होती आणि आता नव्याने वसते आहे. दडून वाचलेले असतातच, पण ते बियाण्यापुरते.

दुसरा आक्षेप अधिक तगडा आहे. गर्दीचा काळ हिवाळ्यात येतो हे मान्य, पण मग हिवाळ्याचं श्रेय थंडीला का देऊ नये? थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, हेही खरं. सह्याद्रीपुरतंच पाहिलं तर या आक्षेपाचा निकाल लागणार नाही, कारण इथे संथ प्रवाह आणि सौम्य थंडी बरोबरच येतात. हिमालयात गेलं तरी अडचण सुटत नाही: गढवालच्या ओढ्या-नद्यांच्या अभ्यासांत तळाचे जीव डिसेंबर-फेब्रुवारीत सर्वाधिक आणि जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत कमी सापडले आहेत. हाँगकाँगच्या डोंगरी ओढ्यांवर डेव्हिड डजन यांनी केलेल्या कामातही पावसाळी पुरांनंतर तळ रिता होतो आणि कोरड्या हंगामात भरतो, असंच दिसतं. तिन्हीकडे हिवाळा आणि संथ पाणी जोडीनेच आहेत. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी: गढवालचं हिवाळी पाणी बोचरं थंड, सह्याद्रीचं जेमतेम गार, आणि तरीही भरतीचे महिने तेच. पण जोडी खऱ्या अर्थाने सुटते ती न्यूझीलंडमध्ये. तिथल्या डोंगरांत पाऊस कुठल्याही महिन्यात कोसळतो आणि पूर वर्षभरात केव्हाही येतात. मायकेल विंटरबोर्न आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली तिथले ओढे उत्तर गोलार्धातल्या ओढ्यांहून वेगळे का वागतात, हा प्रश्न मांडला होता. तिथल्या कित्येक किड्यांना नेमकं वेळापत्रकच नाही, आणि पुरानंतर तळाची संख्या पडते ती उन्हाळा असो की हिवाळा. पूर ज्या महिन्यात, घट त्या महिन्यात. थंडी हा मुख्य चालक असता तर असं घडलं नसतं. तापमानाचं काम नाकारायचं कारण नाही. वाढीचा वेग तेच ठरवतं. पण संख्येची पाटी पुसण्याचं काम पाण्याच्या जोराचं.

राहिला पावसाच्या प्रमाणाचा मुद्दा. पाऊसच जर मारक असता तर ओढ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या सड्यावर उलटं चित्र दिसलं नसतं. कास किंवा आंबोलीसारख्या पठारांवर, जांभ्याच्या उथळ खळग्यांत पाणी साचलं की काही दिवसांतच फेअरी श्रिंप हे पारदर्शक, उताणे पोहणारे, कवचधारी वर्गातले जीव दिसू लागतात. त्यांची अंडी आठ महिने कोरड्या मातीत पडून असतात. पाऊस तोच, डोंगर तोच. पण इथे पाणी साचतं, ढकलत नाही. त्याहून नवलाची गोष्ट क्रेम्नोकाँकस या गोगलगायीची. भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६३ साली सह्याद्रीतल्या कड्यांवरून ती वर्णिली. तिचं सगळं गोत समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांवर राहणारं. गोड्या पाण्यात, तेही डोंगरकड्यावर, राहणारी शाखा एवढीच. पावसाळ्यात कड्यावरून पाण्याचा पातळ पडदा झिरपत असतो तेव्हा ती बाहेर पडून खडक खरवडते आणि कोरड्या महिन्यांत फटीत शिरून निपचित पडते. कड्यावरच्या पडद्याखाली सलग कातळ असतो, गडगडणारे गोटे नसतात. म्हणजे एकाच पावसाच्या खाली, काही शे मीटरच्या आत, दोन उलटी पंचांगं चालू असतात, आणि कुठलं लागू पडेल हे तिथलं पाणी काय करतं यावर ठरतं. खेकड्याचा खुलासाही इथेच करून टाकतो. खेकडा जमिनीवर चालू शकतो आणि त्याची मादी पिल्लं पोटाखाली घेऊन फिरते, पाण्यात अळ्या सोडत नाही. पावसात आपल्याला तो एवढा दिसतो कारण तो ओढा सोडून बाहेर आलेला असतो.

आता तळ पुन्हा भरतो कसा ते पाहू, कारण सह्याद्रीचं वेगळेपण इथे सर्वांत जास्त जाणवतं. हस्ताचा पाऊस ओसरला, पाणी निवळलं, की आधी दगडांवर डायटम शैवालांचा बुळबुळीत तपकिरी थर धरतो. त्यामागोमाग कायरोनोमिड, ब्लॅकफ्लाय आणि बेटिडी मेफ्लाय येतात. मग जाळी विणणाऱ्या कॅडिसफ्लाय आणि चपट्या मेफ्लाय. आणि शिकार पुरेशी झाली की निओपर्ला आणि चतुरांची थोराड पिल्लं. हे सगळे येतात कुठून? विल्यम्स आणि हाइन्स यांनी कॅनडातल्या एका ओढ्यात चार वाटा वेगवेगळ्या अडवून मोजमाप केलं आणि १९७६ साली ते प्रसिद्ध केलं: वरून वाहत येणारे, खालून चढत येणारे, तळाच्या खालच्या थरातून वर येणारे आणि हवेतून येऊन अंडी घालणाऱ्या माद्यांची पिल्लं. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४० टक्के, वाहत येणाऱ्यांचा निघाला. वाहून जाणं म्हणजे दर वेळी अपघातच असतो असं नाही. शांत प्रवाहातही रात्री अंधार पडल्यावर बरेच किडे दगड सोडून काही अंतर पाण्याबरोबर जातात. पण घाटमाथ्यावरच्या ओढ्याला हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. त्याच्या वर ओढाच नसतो. असतो तो झरा आणि त्यावर डोंगर. वरून येणारा पुरवठा तुटपुंजा म्हणून इथे पंखवाल्या माद्यांवर आणि खालच्या थरावर जास्त भिस्त असणार, असा माझा तर्क आहे. स्वीडनमध्ये कार्ल म्युलर यांनी १९५४ सालीच सुचवलं होतं की प्रौढ माद्या अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला उडत जातात आणि वाहून गेलेल्यांची भरपाई करतात. त्यांच्या म्हणण्यावर वाद झाले, सर्व जातींना ते लागू होत नाही. तरी घाटमाथ्यावर काठचं जंगल का महत्त्वाचं, हे त्यातून कळतं. मेफ्लायच्या मादीला उन्हावाऱ्यात विसाव्याला ओलसर पान लागतं. काठ भादरलेला असेल तर पाणी कितीही स्वच्छ असो, भरपाईची एक वाट बंद होते.

दर वर्षी एवढी वाताहत होऊनही या जाती नामशेष कशा झाल्या नाहीत, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. मोसमी पूर कितीही जबर असला तरी तो सांगून येतो, हे त्याचं उत्तर. अ‍ॅरिझोनातल्या वाळवंटी डोंगरांतही उन्हाळ्यात मोसमी पावसाचे अचानक लोंढे येतात. तिथे डेव्हिड लिटल यांनी दाखवून दिलं की अबेडस हा मोठा पाणढेकूण जोराचा पाऊस लागला की ओढा सोडून काठावर चढतो, आणि कॅडिसफ्लायची एक जात पुराच्या हंगामाआधी पंख फुटून बाहेर पडण्याचा मुहूर्त साधते. जिथे पूर लवकर येतो तिथे बाहेर पडणंही लवकर. हजारो पिढ्यांच्या निवडीतून पुराची सरासरी तारीख किड्याच्या अंगात भिनलेली असते. ज्यांच्या पिढ्या काही आठवड्यांत होतात आणि ज्यांच्यात सगळी वयं कायम एकत्र असतात, त्यांना मुहूर्ताची गरजच नसते. कोणी ना कोणी त्या वेळी हवेत किंवा अंड्यात असतोच.

उन्हाळ्याची घट वेगळ्या वाटेने येते, पण सूत्र तेच. बेसाल्टमध्ये पाणी फार मुरत नाही, त्यामुळे जांभ्याच्या टोपीतून झरे मिळणारे ओढे सोडले तर बाकीचे होळीनंतर तुटू लागतात. खळाळ आधी जातो, डोह उरतात. वाहत्या पाण्यावर जगणाऱ्या जाळीवाल्यांचं आणि पंखेवाल्यांचं दुकान मिटतं. डोहात नेमकी आता जांभूळ, अंजनी, हिरडा यांची पानं साचतात, कुजतात, पाण्यातला प्राणवायू उतरतो आणि चतुरांची पिल्लं, पाणढेकूण, मासे असे सगळे खाणारे एका जागी गोळा होतात. संख्या एखाद्या डोहात फुगलेलीही दिसते, पण ती दाटी असते, भरभराट नव्हे. याच दिवसांत संथ पाण्याला साजेसे पाहुणे दिसू लागतात. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९११-१२ च्या सुमारास सह्याद्रीच्या नद्यांत गोड्या पाण्यातलं जेलीफिश शोधलं आणि नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याला लिम्नोक्निडा इंडिका असं नाव दिलं. त्याची पोहणारी छत्री पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत, डोहात दिसते. या गटाचा दुसरा अवतार तळाला चिकटून राहणारा, जेमतेम मिलिमीटरभराचा असतो आणि कोणाच्या नजरेत येत नाही. अ‍ॅनंडेल यांनी तर १९१९ साली मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या प्राण्यांवर स्वतंत्र निबंधच लिहिला. शंभर वर्षांपूर्वी आपल्या ओढ्यांकडे इतकं बारकाईने पाहिलं जात होतं, हे आज सांगावं लागतं.

पुरापेक्षा गाळ जास्त मारक, असंही काही जण म्हणतात. त्यात गल्लत आहे. जंगलातल्या, तुलनेने स्वच्छ पाण्याच्या ओढ्यातही श्रावणात घट होतेच, ती पाण्याच्या जोरामुळे. गाळाचा परिणाम दिसतो तो आश्विनानंतर. घाटरस्त्यासाठी किंवा प्लॉटिंगसाठी फोडलेल्या डोंगराची माती दगडांमधल्या फटींत जाऊन बसली, की दडायला जागा उरत नाही, अंडी गुदमरतात आणि पौष आला तरी त्या तळावर कायरोनोमिड आणि गांडूळवर्गीय कृमींपलीकडे फारसं काही परतत नाही. पूर दर वर्षी येतो आणि जातो. गाळ बसून राहतो. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर मोजणीची वेळ अचूक निवडायला हवी.

तपासणीच्या पद्धतींशी या सगळ्याचा संबंध इथे येतो. तळाच्या जिवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत चांगली आहे. एकदाच बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणाचं सांगतं, किडे मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्येक कुळाला १ ते १० गुण देणारी बीएमडब्ल्यूपी गुणपद्धती तयार झाली. त्यात स्टोनफ्लायच्या कित्येक कुळांना १०, कायरोनोमिडांना २ आणि गांडूळवर्गीय कृमींना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तळवासी जिवांवर आधारित निकष स्वीकारले. पण भाद्रपदाच्या शेवटी एखाद्या निर्मळ ओढ्यात नमुना घेतला तर बेटिडी, ब्लॅकफ्लाय आणि कायरोनोमिड एवढेच हाती लागतील, गुण कमी पडतील आणि ओढा आजारी ठरेल. उलट माघात बऱ्यापैकी बिघडलेला ओढाही गर्दी दाखवून वेळ मारून नेईल. दोन ओढ्यांची किंवा एकाच ओढ्याच्या दोन वर्षांची तुलना करायची तर महिना तोच हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटचा मोठा पूर येऊन किती दिवस झाले हे लिहिलेलं हवं. बऱ्याच प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत पावसाळा वगळून एकाच हंगामाची माहिती घेण्याची रीत आहे. तो हंगाम आश्विन की वैशाख यावर अहवालाचा रंग पालटू शकतो, आणि अहवाल वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. अशा एका हंगामाच्या आकड्यांवर कोणत्याही डोंगरी ओढ्याचा निकाल लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वनराई बंधाऱ्यांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून श्रमदानाने घातलेले हे बंधारे वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात पाणी देतात. त्यांना विरोध करण्याचं काही कारण नाही. पण ते घालायची वेळ नेमकी पाऊस संपल्यावरची, म्हणजे तळ भरायला लागतो तीच. एका ओढ्यावर लागोपाठ बंधारे पडले की एकाचं पाणी दुसऱ्याच्या पायथ्याला टेकतं आणि मधले सगळे खळाळ बुडून डोह होतात. जाळी विणणाऱ्याला आणि पंखे उघडून बसणाऱ्याला मग त्या वर्षी जागाच राहत नाही. तेव्हा ग्रामपंचायतींनी, शाळांनी आणि श्रमदानाला जाणाऱ्या मंडळांनी एवढं करावं: दोन बंधाऱ्यांच्या मध्ये निदान एक खळाळ वाहता राहील इतकं अंतर सोडावं, आणि गोणीत भरायची वाळू-माती ओढ्याच्या तळातून न उपसता काठापलीकडून आणावी.